टेंभुर्णीच्या पुढे, बॅटरी मांडीवर घेऊन

माघातल्या एका शुक्रवारी मी नवीन जालन्याहून बोरदऱ्याला गेलो, तो माझ्या मावशीला तिच्या मुलाचा आवाज ऐकवायला. मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ दगडू, जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

बोरदरा जाफराबाद तालुक्यात, टेंभुर्णीहून दोन कोस आत आहे. तिकडे कोणी हौसेने जात नाही. पण रस्ता कसा आहे, जेवण कुठे मिळते हे ज्यांना जावे लागेल त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सर्व क्रमाने लिहितो.

आधी जाण्याचे कारण. मागल्या उन्हाळ्यात रेडिओ केंद्राची एक मोटार टेंभुर्णीच्या बाजारात आली होती. खेड्यापाड्यांतली गाणी यंत्रावर उतरवून घ्यायची आणि मग गावकऱ्यांच्या कार्यक्रमात लावायची असे त्यांचे काम. दगडूने मोटेवरचे गाणे म्हटले. बैल नाडा ओढत खाली उतरू लागले, की विहिरीवरचा माणूस जे मोठ्याने म्हणतो, ते. बाजारात ना मोट ना बैल, म्हणून त्याला आवाज लागेना. शेवटी कोणी तरी त्याच्या हातात बैलगाडीचा कासरा दिला, तेव्हा लागला. गाणे केव्हा लागेल ते रेडिओवरच सांगू, एवढे सांगून मोटार गेली. पुढे आश्विनात मोट हाकताना विहिरीचा काठ ढासळला. दगडू आणि एक बैल आत गेले. दुसऱ्या बैलाचे जू तुटले म्हणून तो वाचला.

मी नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला हमीदचाचांच्या दुकानात कामाला आहे. तिथे रेडिओ दुरुस्त होतात, बॅटऱ्या भरल्या जातात आणि लग्नसराईत तबकड्यांचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, भाड्याने जातो. शाळा माझी चौथीला सुटली, तीही उर्दू. मराठी लिहिणे मी नंतर घरी बसून शिकलो. त्या आठवड्यात संध्याकाळी दुकानातला रेडिओ चालू होता आणि गावकऱ्यांच्या कार्यक्रमात निवेदक म्हणाला, येत्या शुक्रवारी जाफराबाद तालुक्यातली मोटेवरची गाणी ऐका. मी बॅटरीत तेजाब, म्हणजे ॲसिड, भरत होतो; हातातली नळी तशीच राहिली आणि ते बाकावर सांडले.

चाचा म्हणाले, "क्या हुआ रे? भूत बघितलं का?"

मी सांगितले. चाचांनी हातातले काम खाली ठेवले. मग म्हणाले, "निजामाच्या जमान्यात ह्या डब्यातून फक्त सरकार बोलायचं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत लोक माझ्या दुकानात दरवाजा लावून, कान लावून ऐकायचे की आपण वाचणार का मरणार. मंग मराठी आली, मंग शेतकी आली, भाव आले. आता तुझा भाऊ येऊन राह्यला. जा, ऐकव त्याच्या आईला. बॅटरी माझ्याकडून घेऊन जा."

बॅटरी न्यायलाच हवी होती. बोरदऱ्याला सरकारने पंचायतीचा रेडिओ दिलेला आहे. लोखंडी पेटीत बंद, पेटीला कुलूप, किल्ली शाळेच्या मास्तरांकडे, आणि काटा एकाच केंद्रावर पक्का बसवलेला. दगडू गेला त्या दिवशी गावाने ठरवले, की त्याचे गाणे लागेपर्यंत पेटी उघडायची नाही; केव्हा लागणार ते मी जालन्याहून कळवायचे. गावात दुखवटा, आणि पेटीतून गाणी वाजणार, हे कोणाला बरे वाटेना. शिवाय न वाजवल्याने बॅटरी शिल्लक राहील, त्याच्या दिवशी कमी पडायला नको, असाही हिशेब होता. हे मास्तर मला बाजारात भेटले तेव्हा त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले होते. पण अशा बॅटरीचे गुण वेगळे असतात. ती वापरून संपत नाही इतकी नुसती ठेवून मरते. चार महिने न भरता पडलेली बॅटरी मी दुकानात रोज बघतो; तिच्या पट्ट्यांवर पांढरे मीठ चढलेले असते आणि ती पुन्हा उठत नाही.

सकाळची मोटार धरायची असेल तर लवकर जावे, कारण सरकीची पोती चढवण्यात तिचा पुष्कळ वेळ जातो आणि बसायला जागा उरत नाही. मी बॅटरी लाकडी खोक्यात गवत घालून ठेवली होती. कंडक्टरने खोके पाहिले.

"हे काय हाय? तूप?"

"बॅटरी."

"टपावर टाक."

"टपावर आडवी झाली तर तेजाब सांडेल. खाली लोकांच्या अंगावर येईल."

"मंग उतर खाली. माह्या गाडीत तेजाब न्हाई चालत."

मागे एक म्हातारे गृहस्थ कोंबडी घेऊन बसले होते. ते म्हणाले, "अरे बसू दे की. माह्या कोंबडीचं तिकीट न्हाई घेतलंस, त्याच्या बॅटरीचं घे."

लोक हसले. कंडक्टरने अर्ध्या तिकिटाचे पैसे घेतले आणि बॅटरी मांडीवर धरायची अट घातली. जालना सोडल्यावर थोडा रस्ता बरा आहे, पुढे नुसता मुरूम आणि खड्डे. ज्वारी हुरड्याला आलेली, दोन्ही बाजूंनी तिचा वास; पण मी बाहेर फारसे पाहिले नाही. प्रत्येक खड्ड्याला मी खोके उचलून धरत होतो. तरी थेंब आलेच. टेंभुर्णीला उतरलो तेव्हा धोतराला मांडीवर भोके पडली होती आणि कातडी चुरचुरत होती. हे वाचून कोणी बॅटरी नेणार असेल तर त्याने खाली जाड गोणपाट घ्यावे. मी घेतले नव्हते.

टेंभुर्णी मोठे गाव आहे. बाजाराच्या तोंडाशी एका हॉटेलात भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. चटणी फार तिखट असते. मालक नव्या पैशांवर रागावलेला होता. आणा गेला तशी बरकत गेली असे त्याचे म्हणणे. मी बॅटरी टेबलावर ठेवली तर म्हणाला, "तुमचं आधी खाऊन घ्या, मंग तिला काय ते वाढतो." मला हसू आले नाही. ऊन कलत होते आणि पुढची गाडी ठरलेली नव्हती.

कडबा न्यायला आलेल्या बोरदऱ्याच्या एका गाडीवाल्याने मला ओळखले. "तू दगडूच्या मावशीचा ना? अन् खोक्यात काय, त्यो हाय का?"

"त्याच्यासाठी बॅटरी आहे."

त्याने कडबा सरकवून खोक्याला आणि मला गाडीत जागा केली. वाटेत दगडूचे शेत लागते. विहिरीच्या एका बाजूला बोराटीची काटेरी कुंपणे टाकली आहेत. मोटेचे चाक तसेच वर आहे. उरलेला बैल बांधावर बांधलेला होता. पाटात धूळ होती आणि पलीकडचा गहू हातभरही वाढलेला नव्हता.

मावशी घरापुढे बसली होती. तिने माझ्याआधी खोके पाहिले.

"ह्याच्यात हाय का त्यो?"

"नाही मावशी. ही नुसती बॅटरी. आवाज लांबून येतो."

"लांबून येऊ दे. आला तरी बस." मग माझ्या धोतराकडे बघून म्हणाली, "भाजलं का तुला? खोबरेल लाव. आईला काय सांगशील, मावशीनं जाळलं म्हणून?"

तिने त्या दिवशी सकाळपासून काही खाल्ले नव्हते. मला मात्र गूळ-भाकरी खायला लावली.

रेडिओ मारुतीच्या पारावर, शाळेच्या भिंतीला आहे. दोन उंच वेळूंना तार बांधली आहे. मास्तरांनी कुलूप उघडले. आत उंदरांनी कापूस नेऊन ठेवला होता. जुनी बॅटरी मेलेलीच होती. मास्तर तिच्याकडे बघत म्हणाले, "आम्ही तर हातही न्हाई लावला हो तिला." मी म्हणालो, त्यामुळेच. ते ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, की मी ते बोललो नसतो तर बरे झाले असते. नवी बॅटरी जोडली. खरखर आली, मग माणसाचा आवाज आला.

मी बाजारकऱ्यांबरोबर आधीच निरोप धाडला होता, म्हणून सगळे गाव जमले होते. एरवी पारावर बायका बसत नाहीत. त्या दिवशी पाटलांनी स्वतः घोंगडी टाकून मावशीला पेटीच्या अगदी समोर बसवले. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्या जावा, नणंदा, मागे सोयरे. जवळच्या गावांहून बायका आल्या होत्या, त्यांतल्या कित्येकींना मातीला येता आले नव्हते. त्या आल्या तशा गप्प बसल्या होत्या.

आधी खतांविषयी एक भाषण झाले. मग एका दुसऱ्याच माणसाचे गाणे लागले. लोक एकमेकांकडे बघू लागले. मावशी माझ्याकडे बघत होती. मग निवेदकाने बोरदऱ्याचे नाव घेतले, दगडूचे नाव घेतले. आणि दगडू म्हणाला,

"सर माझ्या राजा, उतार तुझा—"

तो त्याचाच आवाज होता. शेवटचा शब्द वर नेऊन मोडायची त्याची सवयसुद्धा होती. यापुढे नीट काही ऐकू आले नाही, कारण थोरल्या जाऊने हंबरडा फोडला.

आमच्याकडे रीत अशी आहे, की गेलेल्या माणसाचे काही समोर आले, त्याचे कपडे, त्याची काठी, तर बायकांनी त्याच्या आईच्या गळ्यात पडून रडायचे. आईने एकटीने रडू नये म्हणून ही रीत. ज्यांना मातीला येता आले नव्हते त्यांचे ते रडणे बाकी होते. सगळ्या जणी उठून मावशीच्या गळ्यात पडल्या. थोरल्या जाऊने तिचे डोके आपल्या छातीशी घट्ट धरले, नणंदेने वरून पदर घातला. "दगडू रं, कुठं गेलास रं माह्या वाघा," असे एका सुरात सुरू झाले. मास्तर ओरडले, "बायांनो, ऐका, ऐका तरी." पाटील ओरडले. मी आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली, तेव्हा पेटी फाटल्यासारखी घरघरू लागली. त्या रडण्याच्या मधून मला एकदाच बैलाचे नाव ऐकू आले.

मग एकेक करून बायका दमल्या, पदराने डोळे पुसू लागल्या, आणि शांतता झाली. पेटीतून एक माणूस सरकीचे भाव सांगत होता.

मावशीने डोक्यावरचा पदर नीट केला. ती रडलेली नव्हती. जावेकडे वळून म्हणाली, "झालं का तुमचं?" मग मला म्हणाली, "आता लाव बरं. आता कोणी न्हाई रडत."

मला आधी कळलेच नाही. मग आठवले. तिच्या धाकट्या दिराच्या लग्नात चाचांचा बाजा मीच नेला होता. तिला एक गाणे फार आवडले होते आणि मी सुई उचलून ते तिच्यासाठी पुन्हा पुन्हा लावले होते.

"मावशी, हे तसं नाही लागत. ते लांबून येतं."

"मंग त्यांना सांग ना. म्हणावं, आई गप बसली."

 थोरली जाऊ खाली बघत होती. ती वाईट बाई नाही. दगडूला तिनेच अंगाखांद्यावर वाढवला होता.

"आज तर गेलं," मी म्हणालो.

"उद्या?"

"विचारतो."

"नक्की विचार," मावशी म्हणाली, आणि उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मी परत निघालो. टेंभुर्णीहून जालन्याची मोटार दुपारी आहे, तीही बिघडलेली नसेल तर. जाताना काही वाटत नाही तो रस्ता येताना फार लांब आहे. मांडीवर खोके नव्हते तरी मी प्रत्येक खड्ड्याला हात वर उचलत होतो.

मी केंद्राला पत्र टाकले. काही आठवड्यांनी उत्तर आले, सभ्य भाषेत. फिती महाग असतात, त्या पुसून पुन्हा वापरतात. त्या फितीवर आता दुसरे ध्वनिमुद्रण आहे. मी चाचांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "त्याच्यावर आता दुसऱ्या कोणाचं पोरगं असेल." आणि कामाला लागले.

मावशीला मी हे कळवलेले नाही. महिन्याच्या महिन्याला भरलेली बॅटरी मोटारीने टेंभुर्णीला पाठवतो. तोच कंडक्टर आता ती स्वतःच्या पायाशी धरून नेतो आणि रिकामी परत आणतो. मास्तर सांगतात, गावकऱ्यांचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मावशी पेटीसमोर येऊन बसते. रोज. थोरली जाऊही येते आणि तिच्यापासून थोडी लांब बसते. लहान पोर रडले तर तिची आई त्याला उचलून ओढ्याकडे नेते. खत, बियाणे, भाव, दुसऱ्या कुठल्या गावाची गाणी, सगळे संपेपर्यंत त्या पारावर कोणी खोकत नाही. एवढ्या लक्षपूर्वक रेडिओ ऐकणारे गाव मी दुसरे पाहिले नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर दिवस मावळायच्या आत पोहोचा. पारावर जागा करून देतील, पाणी देतील. मावशी विचारील, तुम्ही जालन्याहून आलात का, आणि आज लागणार का. तेव्हा फितीचे सांगू नका. गप्प बसून ऐका.