वसंतीच्या बेटावरची खोली

आत्या गेल्याचं शेजारच्या वहिनींनी फोनवर सांगितलं. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, चहाला उठल्याच नाहीत... एवढंच. मी तेव्हा इंदूरला माझ्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. बुऱ्हाणपूरला पोहोचेपर्यंत बसमध्ये तिचा अलीकडचा, थकलेला चेहरा मला काही केल्या आठवेना. डोळ्यांपुढे सारखी येत होती ती मॉरिशसच्या किनाऱ्यावरची आत्या. साडीचा घोळ मुठीत धरून पाण्यात उभी, लाट आली की एक पाऊल मागे आणि लाट गेली की पुन्हा एक पाऊल पुढे.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. वडिलांच्याच घरात, आमच्याबरोबर राहिली आणि उभा जन्म गावातल्या मराठी शाळेत मराठी शिकवत आली. राज्यांची नव्याने आखणी झाली तेव्हा ती परकर-पोलक्यातली मुलगी होती. गाव मध्य प्रदेशात राहिलं. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात दोन्हींची खिचडी, असं मग सगळ्यांचंच झालं. तिला त्यात काही वावगं वाटत नसे, तीही भाजीवालीशी हिंदीत घासाघीस करी. पण शाळेतले मराठीचे वर्ग एकेक करून मिटत गेले आणि ती निवृत्त झाली त्याच वर्षी शाळा शेजारच्या हिंदी शाळेत विलीन झाली. मुलांनी तिला हिंदीतून निरोप दिला. छान बोलली पोरं, असं ती घरी येऊन म्हणाली, आणि मग गळ्यातला हार न काढताच किती तरी वेळ ओट्यावर बसून राहिली.

वसंतीमावशीचं बोलावणं आलं ते त्यानंतर. ही आत्याची नागपूरच्या वसतिगृहातली मैत्रीण, शिष्यवृत्तीवर मॉरिशसहून शिकायला आलेली. तिचे पूर्वज उसाच्या मळ्यात राबायला कोकणातून बोटीने तिकडे गेले होते. घरी तिकडची क्रिओल भाषा बोलायची, मराठी शिकली ती आत्याकडून. आता तिचा नवरा वारला होता, मुलगा फ्रान्सला होता, आणि समुद्राकाठच्या घरात ती एकटी होती. तिचं म्हणणं असं, की सुमनने यावं, गावातल्या मुलांना मराठी शिकवावं, आणि दोघींनी मिळून म्हातारपण काढावं. आधी बघून तर जा, मग ठरव. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं, म्हणून सोबतीला मी गेले.

डिसेंबर होता. विमानतळाबाहेर पडलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर लालभडक फुललेला. आत्या गाडीच्या काचेला नाक लावून बघत राहिली. आपल्याकडे वैशाखात फुलणारं झाड इथे मार्गशीर्षात फुलतं, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. संध्याकाळी गावातल्या बैठकीच्या जागी, जिला तिथे बैठकाच म्हणतात, मुलं जमायची. त्यांना आरत्या तोंडपाठ होत्या, अर्थ मात्र एकालाही ठाऊक नव्हता. आत्याने एकेक शब्द सोडवून सांगायला सुरुवात केली. मागच्या बाकावर बसलेले एक आजोबा डोळे पुसू लागले. आयुष्यभर म्हणतोय, काय म्हणतोय ते आज कळलं, असं ते मोडक्या मराठीत म्हणाले. त्या दिवशी परतताना आत्या उसाच्या शेतांमधून इतकी भराभर चालत होती, की मला तिला गाठता येईना. शाळा सुटल्यापासून तिला असं चालताना मी पाहिलं नव्हतं.

वसंतीमावशीने एक खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. खिडकीतून सुरूची झाडं आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. दोघी तिथे बसून वसतिगृहातल्या मुलींची आठवण काढत आणि हसत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशीने विचारलं, "सुमन, येशील ना?"

"घरचं आवरून येते," आत्या म्हणाली.

आणि तिने खरंच आवरायला घेतलं. पुस्तकं वाटली, भांडी शेजारच्या वहिनींना दिली. आई आधीच वारली होती, मी नोकरीसाठी इंदूरला निघाले होते, घरी वडील एकटेच उरणार होते. सगळं ठरल्यासारखंच होतं... आणि एके दिवशी आत्याने मॉरिशसला फोन लावून येत नाही म्हणून सांगितलं. मावशी म्हणाली, खोली तशीच ठेवते.

कारण आत्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सकाळी ती तांदूळ निवडत होती आणि अंगणातून वडिलांनी रोजच्यासारखी हाक मारली, सुमे, चहा झाला का गं. "तिथं मला सगळे ताई म्हणायचे, बाई म्हणायचे," ती म्हणाली. "सुमे म्हणणारं कोणी नव्हतं."

पुढे काही वर्षांनी वडील गेले. तेरावं झालं आणि आत्याने आपणहून मावशीला फोन केला, आता येते म्हणून. तेव्हा कळलं, की मावशीला एकटं राहणं झेपेना म्हणून मुलाने घर विकलं होतं आणि महिन्याभरात तो तिला फ्रान्सला नेणार होता. दोघी फोनवर हसल्या, असं आत्या सांगे. मग तिकडून मावशीच्या थंडीच्या तक्रारी येत राहिल्या आणि इकडून आत्या उन्हाळ्याच्या.

मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का?

"हळहळ असते ना. तिकडे गेले असते तर इकडची असती. कोणती तरी एक राहणारच होती..." मग म्हणाली, "पण खिडकी छान होती गं."

आत्याचे दिवस उरकल्यावर मी फ्रान्सला फोन केला. मुलाने मावशीच्या कानाशी धरला. तिला समजायला वेळ लागला. आधी क्रिओलमध्ये काहीतरी पुटपुटली, आणि मग सावकाश, आत्यानेच शिकवलेल्या मराठीत तिने विचारलं, "तिला थंडी नव्हती ना वाजत?" नाही, मी म्हटलं, इथे ऊन आहे.

त्या संध्याकाळी मी राजघाटावर गेले. शेवटची कैक वर्षं आत्या रोज तापीवर येऊन बसायची, ही नदी पश्चिमेला जाते, समुद्राला मिळते, असं कोणाकोणाला सांगत. पायऱ्यांवर फुलं विकणारी बाई मला ओळखत नव्हती. मी बसायला लागले तर तिने हात आडवा केला.

"तिथं नको ताई. बाईंची जागा आहे ते. मी कोणाले बसू देत नाही."

मी त्यांची भाची, असं मी सांगितलं. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, पदराने पायरी पुसली आणि म्हणाली, "मग बसा."

मी बसले. समोर पाणी संथ होतं, चालत असल्याचं कळतही नव्हतं. फुलवाली आपल्या कामाला लागली. अंधार पडेपर्यंत मी तिथेच बसून होते.