पेठेचं गाणं ऐकणारा शिंपी

गुरुनाथ गेल्याचं मला गिरणीच्या टाइम ऑफिसात कळलं. सोमवारी दुपारपाळीला आलेला साखर पेठेतला एक कामगार हजेरी लावता लावता म्हणाला, "वामनराव, तुमचा टेलर गेला की ओ. सकाळी दुकान उघडलं, अन् मशीनवरच मान टाकली." मी त्याच्यावर खेकसलो, काहीही बरळू नकोस म्हणून. शनिवारी संध्याकाळी तर गुरुनाथनं माझ्या दारापुढं सायकल थांबवली होती. "उद्या नागमणी गाणार हाय. ये की रे," म्हणाला. मी म्हटलं, "बघतो." बस्स. माझ्या जिवाभावाच्या मित्राशी मी बोललेला हा शेवटचा शब्द. बघतो! महिना उलटून गेला, अजून तो शब्द पाठ सोडत नाही.

गुरुनाथला स्वतःला साधी टाळीसुद्धा तालात वाजवता यायची नाही. मी त्यावरून त्याला खूप छळायचो. पण ऐकावं त्यानंच. कुणाच्या शर्टाचं माप घेतानाही विचारायचा, "गाता का ओ काही? वाजवता?" पत्र टाकायला येणारा पोस्टमन बासरी वाजवतो हे अख्ख्या पेठेत त्याला एकट्याला ठाऊक. नागमणीही त्यालाच सापडली. उंबऱ्यात बसून विड्या वळता वळता ती अभंग म्हणायची. घरात तेलुगू, पण अभंग असा म्हणायची की हा रस्त्यात सायकल धरून उभा! पहिल्यांदा चारचौघांत गाणाऱ्या माणसाला तो नवे कपडे शिवून द्यायचा. मी म्हणायचो, "अरे, गाणारे पुण्याला असतात. हितं कुणाला काय येतंय?" त्यावर तो शांतपणे दोरा ओवत म्हणायचा, "पुण्यात बी त्यांना आधी त्यांच्या गल्लीनंच ऐकलं असंल की."

आमच्या गणपती मंडळाचा मी सेक्रेटरी. बाहेरचा मोठा कलाकार येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला पेठेतल्याच कुणाला तरी बसवायचं आणि मोटार आली की चिठ्ठी पाठवून उठवायचं, ही आमची पद्धत. सगळीकडं तेच चालायचं, कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. दुष्काळाच्या पुढच्या वर्षी गुरुनाथ नागमणीसाठी माझ्याकडं आला. त्यानं एवढंच मागितलं, "वामन, तिला मधनं उठवू नको. पाच मिनिटं का होईना, पण पुरं म्हणू दे." मी शब्द दिला. अगदी हातावर हात मारून.

आणि त्या संध्याकाळी नागमणीचा आवाज असा काही लागला की मांडवात कुजबुजसुद्धा थांबली. मीही ऐकत होतो... खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला होता. तेवढ्यात मोटार आली. आमचे अध्यक्ष हार घेऊन धावले आणि जाता जाता माझ्यावर डाफरले, "त्या बाईला उठवा आधी!" माझी काय बिशाद होती नाही म्हणायची? असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर नाही म्हणता आलं असतं. पाहुणे चहा घेईपर्यंत अभंग संपला असता. मी चिठ्ठी लिहिली, पेटीवर नेऊन ठेवली. नागमणीनं ती वाचली, ओळ अर्धी सोडून हात जोडले आणि खाली उतरली. सगळा मांडव पाहुण्यांना बघायला उठला होता. एकटा गुरुनाथ व्यासपीठाकडं तोंड करून टाळ्या वाजवत उभा होता, त्याच्या त्या बेताल टाळ्या.

त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "चिठ्ठी तुझ्या हातची होती की रे." मंडळ त्यानं सोडलं. मग दर रविवारी सकाळी दुकानातल्या दोन्ही मशिनी भिंतीला सरकवून तो सतरंजी टाकू लागला. नियम एकच : गाणं सुरू झालं की दाराला कडी. संपेपर्यंत कुणी यायचं नाही, कुणी उठायचं नाही. पोस्टमन तिथं वाजवायचा, नागमणी गायची, हळूहळू पेठेबाहेरून, बाळीवेशीपासून लोक यायला लागले. मला तो दर शनिवारी न चुकता बोलवायचा. मी गेलो नाही. लाज होती, आणि लाजेपेक्षा जास्त मस्ती. पाच वर्षं, लेको, पाच वर्षं मी "बघतो" म्हणत राहिलो!

गेल्या आठवड्यात मी नागमणीकडं गेलो. म्हटलं, यंदा मंडळात तूच गा, शेवटी गा, हवं तेवढं गा. ती सुपातली विडीची पानं कातरत होती. हात न थांबवता म्हणाली, "न्हाय काका. गुरुनाथअण्णा ऐकायला होते तेव्हा बोलवायचं होतं." मी निघायला उठलो. मग तीच म्हणाली, "रविवारी दुकानात या. अण्णांच्या माघारी वहिनींनी बंद न्हाय केलं. अण्णा लई वाट बघायचे ओ तुमची. आमी सगळे बसलो तरी कडी लावायचे न्हाईत. म्हणायचे, दहा मिनिटं थांबू, वामन येईल."

"दर रविवारी?" मी विचारलं.

"दर रविवारी."

या रविवारी गेलो. दुकान माणसांनी भरलं होतं. नागमणीनं पेटी पुढं ओढली, सूर धरला आणि गायला सुरुवात करायची सोडून दाराकडं बघत राहिली. दहा मिनिटं थांबायची सवयच तिला. वहिनीही दाराकडंच बघत होत्या. शेवटी मीच उठलो. आता यायचं कुणी राहिलं नव्हतं. मी कडी लावली.