गिअरचं तेल आणि ताईंचा उजवा पाय

झाशीत स्वतः पिकअप चालवणारी बाई मी एकच पाहिली, आणि मी तिच्याकडंच कामाला आहे. ताईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. क्लच दाबायला तोच पाय लागतो, म्हणून अर्धं आयुष्य त्या दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसून फिरल्या. पन्नाशी आली तेव्हा त्यांनी कुणाचीतरी वापरलेली ऑटोमॅटिक पिकअप घेतली. तिच्यात क्लचच नाही. उजवा पाय शाबूत असला की झालं. बबीन्याच्या रस्त्यावर त्यांची रोपवाटिका आहे. छावणीतल्या बंगल्यांना गुलाब, मऊरानीपूरकडं लिंबू-पेरूची रोपं, सगळं त्या स्वतः पोचवतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. अजून स्वयंपाकघराला मुदपाकखाना म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात भाजीवाल्याला ‘काय भैया, ठीक से तोलो’ म्हणून झापतात.

मी सांगली जिल्ह्यातला. सातवी अर्धी टाकून गलाईच्या दुकानात आलो. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची गावंच्या गावं ह्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. ॲसिडच्या धुरानं माझी छाती धरली. एकदा बाजारात आईला फोनवर भट्टीचं सांगताना मला खोकल्याची उबळ आली, तर मागून आवाज आला, “पाव्हणे, कुठले आपण? आणि ही छाती घेऊन भट्टीपुढं किती दिवस बसणार?” त्या ताई. पुढल्या आठवड्यात मी त्यांच्या रोपांत होतो. खोकला गेला. त्या मात्र अजून मला पाव्हणेच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात गाडी बिघडायला लागली. रिव्हर्समधून पुढं घेताना ती क्षणभर थांबायची, विचारात पडल्यासारखी, आणि मग मागून कुणी लाथ घातल्यासारखी उसळायची. पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही.  ताई आता जिथं रिव्हर्स घ्यावा लागणार नाही अशीच जागा बघून गाडी लावतात, हे मी पाहिलं होतं. 

शेवटी आम्ही मिस्त्रीकडं गेलो. रस्त्यालगत त्याची शेड, मधे खड्डा, खड्ड्यावर गाडी घेऊन खालून काम करायचं. त्यानं गिअरबॉक्समधलं तेल दोन बोटांत घेऊन हुंगलं. काळं, करपल्या वासाचं.

“दीदी, तेल तो कबको जल गओ. पर बदलियो मत.”

“क्यों?” ताईंनी विचारलं.

त्यानं समजावून सांगितलं. इतकं जुनं तेल असलेल्या गाड्या त्यानं पाहिल्या होत्या. आतल्या चकत्या झिजून त्यांची भुकटी तेलात उतरते, आणि त्या भुकटीच्या जोरावरच चकत्या एकमेकींना धरून असतात. नवं, निसरडं तेल घातलं की पकड सुटते आणि गाडी जागची हलत नाही. न बदलावं तर करपलं तेल उरलेल्या चकत्या खाऊन टाकणार. “बेच दो, दीदी. क्लचवाली ले लो. भैया हैं ना चलाने को.”

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मला गाडी येते. पण ताईंच्या हातातलं चाक माझ्या हातात यावं, ह्या विचारानंच मी दोन पावलं मागं सरलो.

“पाव्हणे चालवतील हो छान,” ताई म्हणाल्या. “मग मी कुठं बसू? मागं, रोपांत?”

मिस्त्री हसला. ताई हसल्या नाहीत. बसल्या जागी त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला होता आणि तो काढला नाही.

मला काय सुचलं ते गलाईतलं होतं. गलाईच्या दुकानात काहीच फेकत नाहीत. झाडलोटीची धूळ नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा नाही. आधी निवू द्यायचं, गाळायचं, बुडाला काय बसलं ते बघायचं, मग बोलायचं. मी मिस्त्रीकडून कपभर तेल मागून घेतलं, पांढऱ्या फडक्यातून गाळलं, राहिलेला गाळ पेट्रोलनं धुतला आणि पांढऱ्या ताटलीत पसरला.

“जामें सोनो कड़ है का, भैया?” ह्यातून सोनं निघणार का, म्हणून मिस्त्रीनं विचारलं.

“पाहू द्या त्यांना,” ताई म्हणाल्या.

कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं. पिठासारखी करडी पूड चिकटली. तेवढं लोखंड झिजणारच. बाकी सगळी मऊ काजळी. नखांत रगडली, कचकच लागली नाही. आतलं पितळ झिजलं असतं तर चकाकलं असतं, आणि पितळेची चकाकी तर मला झोपेतही ओळखू येते. ती कुठं नव्हती.

“ताई, तुकडे नाहीत. नुसती काजळी आहे. म्हणजे आतलं काही फुटलं नसावं,” मी म्हणालो. आणि लगेच घाबरलो. “पण मी काय गाडीतला माणूस नव्हे. चुकलो तर…”

“चुकलात तर गाडी बसेल. नाहीतरी विकायलाच सांगताहेत.”  त्या मिस्त्रीकडं वळल्या. “भैया, हम गमला बदलते हैं तो जड़ की सारी मिट्टी झाड़ देते हैं क्या?”

मिस्त्रीला उलगडा झाला नाही. मला मात्र कळलं, आणि मी त्याला समजावलं. कुंडी बदलताना मुळांना धरलेली जुनी माती तशीच ठेवायची, नवी भोवतीनं भरायची. रोप रुजलं की पुढच्या खेपेला आणखी थोडी. सगळी एकदम धुतली तर रोप माना टाकतं. हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि आता त्या तेच गिअरबॉक्सला लावत होत्या.

“हओ दीदी,” मिस्त्री सावकाश म्हणाला. “थोड़ो-थोड़ो करके तो देखो नईं कभऊँ.” असं त्यानं कधी करून पाहिलं नव्हतं, पण आता मन लावून केलं. ह्याच गाडीला चालणारं तेल त्यानं ग्वाल्हेरहून मागवलं, दुसरं स्वस्तातलं दाखवलंसुद्धा नाही.

चाकांना दगड लावले. मी आणि मिस्त्री खड्ड्यात उतरलो. खालचा बोल्ट सोडला तसं कोमट काळं तेल घमेल्यात आलं. आपोआप आलं तेवढंच घेतलं, बाकीचं आतच राहू दिलं, आणि मोजून तेवढंच, वर थोडं जास्त, नवं, लालभडक, आत घातलं. आता पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून. ताईंनी उजवा पाय ब्रेकवर रोवायचा आणि दांडा एकेक घर सावकाश फिरवायचा, म्हणजे तेल आत सगळीकडं पोचतं.

दगड होते, हँडब्रेक होता, तरी मी खड्ड्याच्या भिंतीला टेकलो. डोक्यावर सगळी गाडी थरथरतेय, आणि ती एका पायावर उभी आहे असं वाटत होतं. वरून आवाज यायचा, “रिव्हर्स घेतेय.” गिअरबॉक्सला हिसका बसायचा. “न्यूट्रल.” मग, “पुढचा.” शाळेत बाई फळ्यावरचं वाचतात तसा संथ आवाज. ब्रेक तसूभर सुटला नाही. मिस्त्रीनं पातळी बघायचं भोक उघडलं, त्यातून जास्तीच्या तेलाची धार आली, बारीक झाली, थेंबांवर आली.

“बस! कस दो,” मिस्त्री म्हणाला.

गाडी बसली नाही. पण लाथही गेली नाही. ताईंनी शेडबाहेर गाडी काढली तेव्हा ती पूर्वीसारखीच उसळली. मला ताटलीतली काजळी आठवली. ताई म्हणाल्या, “रुजायला वेळ द्या.” आणि रोपं भरायला लावली.

काही दिवस गाडी फिरवून पुन्हा खड्ड्यावर घेतली. या खेपेस उतरलेलं तेल तपकिरी होतं. मी पुन्हा गाळून पाहिलं, काजळी कमी. तिसऱ्या खेपेला ते कोऱ्या चहासारखं आलं, तेव्हा मिस्त्रीनंच फडकं पुढं केलं, “छान लो भैया, अपनो सोनो.” ताटलीत बघण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं.

तरी मला खात्री नव्हती. खात्री मला कशाचीच लवकर होत नाही. ताईंचं वेगळं आहे. जन्मभर ज्या बाईला प्रत्येक पायरीशी आधी थांबून बघावं लागलं, ती एकदा बघून झालं की मग मागं वळत नाही. मला ते जमत नाही, म्हणून मी ते रोज बघत बसतो.

मग एरचला, नदीकाठच्या एका शेतात पेरूची रोपं द्यायची होती. मी सवयीनं पुढं बसलो. ताई म्हणाल्या, “पाव्हणे, उतरा. आज रोपं जास्त आहेत.”

रोपं मागं होती. पुढची जागा माझीच होती.

“ताई, रस्त्यात काही झालं तर?”

“तर फोन करीन. उतरा.”

मी उतरलो. रोपवाटिकेच्या फाटकापाशी उभा राहिलो. पुढं लगेच चढ आहे. इंजिनचा आवाज वर वर गेला.  मग तो अलगद खाली आला, गिअर पडला तरी मागच्या रोपांना हिसका बसला नाही. पुन्हा वर, पुन्हा खाली. तेवढ्यात एक ट्रक भोंगा वाजवत मधे आला आणि पुढचा गिअर मला ऐकू आला नाही. ट्रक गेला तेव्हा पिकअप चढाच्या माथ्यावर होती, आणि तिचा वेग मोडलेला नव्हता.