इलारिओन काकांचा ट्रक

आमच्या चायापाता गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा मी एकटाच, त्यामुळे सगळ्या गावाची बोलणीही मीच खातो. इलारिओन काका मात्र कधी माझ्याकडे फिरकले नव्हते. त्यांच्या जुन्या ट्रकची किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ व्हायचं. मग कासिमिरा काकू घोळदार घागरे सावरत ट्रकखाली शिरायच्या आणि स्टार्टरवर हातोडी हाणायच्या. काका वरून खेकसायचे, काकू खालून उत्तर द्यायच्या, आणि ट्रक सुरू व्हायचा. बाजारात बसल्या बसल्या आम्ही सगळे ती मजा बघायचो.

जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, काकू गेल्या. ट्रकला दोन माणसं लागायची आणि काका उरले एकटे. त्यांच्या खेड्यात ते ट्रक उतारावर लावायचे, म्हणजे तो घरंगळत सुरू व्हायचा, पण इथला बाजार सपाटीवर. धक्का द्यायला दर वेळी कोणाला बोलावणार? एकदा ते स्वतःच खाली हातोडी मारून किल्लीकडे धावताना मला दिसले. मी हसलो. मग माझीच मला लाज वाटली.

त्यांची मुलगी ब्वेनोस आयरेसहून सारखा फोन करायची, ट्रक विका आणि इकडे या म्हणायची. काकांना ते नको होतं. ट्रक गेला तर दिवसभर करायचं काय, असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा ट्रक ढकलत माझ्या दारात आणलेला होता.

बॅटरी ठणठणीत होती, दिवे लख्ख होते. तरी किल्लीला ‘टक्’च. मी एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला लावलं आणि दुसरं थेट इंजिनाला. किल्ली फिरवताच स्टार्टर गरकन फिरला. म्हणजे स्टार्टरचा दोष नव्हताच, अर्थिंगचा होता. इंजिन चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी पट्टी शोधली, तर ती हिरवी पडून भुगा व्हायला आलेली, वर चिकट थर.

हा थर मी ओळखतो. कार्निव्हलच्या मंगळवारी आम्ही सगळेच पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, आणि गाडीला बियर पाजतो. पण लोक चाकांवर शिंपडतात. काकूंचा ट्रकवर जीव फार, त्या बॉनेट उघडून अख्खी बाटली इंजिनावर रिकामी करायच्या, दर वर्षी त्याच कोपऱ्यात. पट्टीचा बोल्ट स्टार्टरच्या शेजारीच होता. हातोडी बसली की तो हलायचा आणि क्षणभर जोड लागून वीज वाहायची.

मी जागा घासून चकचकीत केली, नवी पट्टी आवळली आणि काकांना किल्ली फिरवायला सांगितलं. सवयीने त्यांनी आधी खिडकीतून खाली पाहिलं. ट्रक पहिल्याच फटक्यात सुरू झाला.

खाली उतरून त्यांनी विचारलं, हे कधीपासून बिघडलं असेल. तिथे मी तोंड आवरायला हवं होतं. पण माझ्या हुशारीची मला भारी घमेंड.

“अकरा-बारा वर्षं तरी झाली, काका. तेव्हाच आणला असतात तर तासाभराचं काम होतं.”

इंजिन चालूच होतं.

“मी तिला शिव्या घालायचो रे,” ते म्हणाले. “म्हणायचो, नीट मार, तुझा हात जागेवर पडत नाही.”

मी घाईघाईने म्हणालो, पट्टी वर्षभरातही सडते, नक्की सांगता येत नाही.

“राहू दे, मिस्त्री. आता कशाला खोटं बोलतोस?”

ते वर चढले. ट्रक बंद केला, सुरू केला, पुन्हा बंद केला. असं चार-पाच वेळा. दर वेळी तो लगेच सुरू झाला. मग माझ्याकडे न बघता ते निघून गेले.

ट्रक काही त्यांनी विकला नाही. बाजाराच्या दिवशी येतात, बटाटे उतरवतात, किल्ली फिरवतात आणि जातात. कोणाला हाक मारावी लागत नाही, त्यामुळे त्यांच्याजवळ कोणी जातही नाही. मलाही अजून जाववलेलं नाही.