दुसरा हार

माझा पाय तेव्हा सारखा हलायचा. वर्गात, एसटीत, जेवायला बसल्यावरसुद्धा. आई ओरडायची, पण मी काही मुद्दाम करत नव्हते. यवतमाळला पत्रकारितेचा आणि व्हिडिओचा अभ्यासक्रम घेतला होता. शेवटच्या परीक्षेसाठी गटाने मिळून एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता, आणि आमच्या गटात नुसती भांडणं चालली होती.

कापसाची ती वाईट वर्षं. आमचा जिल्हा रोज टीव्हीवर दिसायचा, आणि रोज सारखाच दिसायचा. नागपूरला कुणाला यवतमाळची आहे म्हणून सांगितलं की समोरचा आवाज खाली आणून बोलायला लागायचा, जणू मी सुतकातून उठून आले होते. मला त्याची चीड यायची. आमच्या गावात लग्नं होत होती, भांडणं होत होती, चौदा एप्रिलला मिरवणुकीत नाचून लोकांच्या चपला तुटत होत्या, आणि त्यातलं काही म्हणजे काही पडद्यावर येत नव्हतं.

आमच्या सरांचा एक नियम होता. कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी संशोधन. ज्या प्रकारचं काम करायचं, त्या प्रकारचं मिळेल तेवढं बघायचं आणि त्यात परत परत काय येतं ते हुडकायचं. "प्रत्येक प्रकाराचे आपले रिवाज असतात," सर म्हणायचे. "पाळायचे तर समजून पाळा, मोडायचे तर समजून मोडा. न समजता मोडलं तर त्याला प्रयोग म्हणत नाहीत, घोटाळा म्हणतात."

गाणं वर्गातल्याच एकाने लिहून गायलं होतं, कापसावरचं. मग आम्ही कापसाच्या संकटावरच्या सीडी जमवून बघायला बसलो. भेगा पडलेली जमीन. आभाळाकडे बघणारा म्हातारा. हार घातलेला फोटो, आणि फोटोशेजारी पांढऱ्या साडीतली बाई. थोड्याच वेळात पुढचा शॉट कुठला ते मी आधीच सांगायला लागले आणि माझा पाय टेबलाला आपटायला लागला. आमचा दिग्दर्शक मात्र खूश. यवतमाळ शहरातला पोरगा, बोलण्यात हुशार, ऐकण्यात कच्चा. "सापडलं!" तो म्हणाला. "फोटो, हार, पांढरी साडी. एवढं असलं की लोकांना न सांगता कळतं."

कॅमेरा आर्णीच्या एका मुलाचा होता. त्याच्या अब्बांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, त्यामुळे ज्या दिवशी लग्नाची तिथी नसेल त्याच दिवशी कॅमेरा आम्हाला मिळायचा. आमच्यात सगळ्यांत जास्त शूटिंग त्याने केलेलं, पण सगळं लग्नाचं. म्हणून गटात त्याचं मत कुणी विचारत नसे. मेंदीच्या हातावरून नवरीच्या चेहऱ्यावर जाणारा तो झूम त्याच्या बोटांतच बसला होता, आणि त्यावरून आम्ही त्याला भरपूर पिडायचो.

आता बाई कुठून आणायची? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आर्णीजवळच्या आमच्या गावात माझी काकू एकटी राहायची, आणि काका त्याच वर्षांत गेले होते.

काका काविळीने गेले. पण घरी कापूस होता आणि साल ते होतं, त्यामुळे कॅमेरेवाले आलेच. पहिल्यांदा आले तेव्हा काकूने खरं ते सांगितलं. "म्या म्हटलं काविळीनं गेले," ती मला सांगायची, "तर तो म्हणे, राहू द्या बाई, तेवढं नका सांगू." पुढे मग तिने सांगायचंच सोडून दिलं. कॅमेरा आला की भिंतीवरचा काकांचा फोटो उतरवून द्यायची, बसायची, उठायची.

तो फोटो म्हणजे काकांच्या कुठल्याशा ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा केलेला. लग्नाचा नव्हता. लग्नात फोटोग्राफरच्या हातून रोलला उजेड लागला आणि सगळं लग्न काळं निघालं. पुढे दोघांनी मिळून फोटो काढायचा काढायचा म्हणत ते राहूनच गेलं. काका गेल्यावर काकूने एका स्टुडिओत दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून घेतले, तर त्याने मागे बर्फाचे डोंगर आणि धबधबा टाकून दिला. काकूने तो परत केला. "ह्या पहाडावर आमी कदी गेलतो?"

मी शूटिंगचं विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली. "येऊ द्या. पण मले एक फोटो पायजे. आमचा दोघाईचा. बिना पहाडाचा." मी हे दिग्दर्शकाला सांगितलं तर त्याने मान डोलावली, कॉम्प्युटरवर सहज होईल म्हणाला. तो कशालाही हो म्हणायचा आणि विसरून जायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे गावी जाताना एसटीत माझा पाय एक क्षण थांबला नाही.

त्यातच त्याने पिशवीतून पांढरी साडी काढून दाखवली. कुणाकडून तरी मागून आणलेली.

"आमच्यात नवरी पांढरं नेसते," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे बौद्धांच्या लग्नात नवरीची साडी पांढरी असते. माझ्या आईची होती. काकूची पण."

"अगं, पण प्रेक्षकाला कुठे माहीत आहे?"

"प्रेक्षक म्हणजे कोण? आम्ही त्यात नाही का?"

तो खिडकीतून ऊन किती उतरलंय ते बघायला लागला. आर्णीच्या पोराने बौद्धांची लग्नं कितीतरी शूट केली होती, आणि तो साडीकडे जरा विचित्र नजरेने बघत होता.

घरी पोचलो तर काकू तयारच. कपाळावर आडवा हात धरून तिने ऊन कुठून येतं ते बघितलं. भिंतीवरचा फोटो खाली काढला, पदराने पुसला. "दारात बसू का कपाशीच्या ढिगाजवळ?" तिने विचारलं. "मागचे आलते ते दारात बसवत होते. अन् पदर डोक्यावरून, होय ना? बोलायचं हाय का नुसतं पाहाचं?" दिग्दर्शक चाटच पडला. "वा! रिहर्सलची गरजच नाही." मला मात्र एकदम राग आला. त्याचा आला, त्या सगळ्या सीडींचा आला. आम्ही संशोधन केलं ते पडद्याच्या अलीकडून. काकूने पलीकडून केलं होतं, आणि तिला ते कुणी मागितलंही नव्हतं.

दिग्दर्शकाने साडी पुढे केली. काकूने कापड बोटांत धरून बघितलं. "हे कोनाची?"

"तुमच्यासाठी आहे. शूटिंगपुरती."

"पांढरी पायजे? माह्याजवळ हाय ना." आणि ती आत गेली.

ती बराच वेळ बाहेर येईना. ऊन खाली जात होतं, दिग्दर्शक येरझाऱ्या घालत होता, आणि मला कळत होतं की आत पेटी उघडली गेली आहे. काकू बाहेर आली ती पांढऱ्या साडीत, बारीक सोनेरी काठ असलेल्या, घड्यांच्या जागी पिवळट रेघा पडलेल्या. साडीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. वेणी नीट घातलेली. दिग्दर्शक म्हणाला, "काठ दिसू देऊ नका, बाकी चालेल."

हार त्याने आर्णीहून दोन आणले होते. एक फोटोला घातला. काकूने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "हा कोनाचा?"

"तो जास्तीचा आहे. पहिला सुकला तर."

टेपरेकॉर्डरवर गाणं लागलं, कॅमेरा सुरू झाला. दिग्दर्शकाने हळू आवाजात सुरुवात केली, "हं काकू, आता फोटोकडे बघा. आठवा सगळं. आणि रडा."

काकूने फोटोकडे बघितलं. मग ती उठली. अंगणात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, त्या तिने शेजारी ओढून घेतल्या. एकीवर फोटो उभा टेकवला, तो घसरू नये म्हणून मागे विटेचा तुकडा लावला. पिशवीतला दुसरा हार काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि दुसऱ्या खुर्चीवर ताठ बसली.

"कट! कट!" दिग्दर्शक ओरडला. "अहो काकू, जिवंत माणसाने असा हार... त्याचा अर्थ बदलतो!"

कॅमेरा काही बंद झाला नाही. आर्णीचा पोरगा दोन पावलं मागे सरकला आणि त्याच्या रोजच्या आवाजात म्हणाला, "काकू, नवरीची बाजू ती नाही. डाव्या अंगाला या. हां. मान वर. इकडे बघा, माझ्याकडे." आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "स्माइल." तो ओशाळला. पण तोवर काकू हसली होती.

तिने एक हात फ्रेमच्या वरच्या कोपऱ्यावर ठेवला, खांद्यावर ठेवतात तसा. तिथून तो झूम सुरू झाला, हातावरून चेहऱ्यावर, ज्याच्यावरून आम्ही त्याला वर्षभर पिडलं तोच. दिग्दर्शकाने चिडून टेपरेकॉर्डर बंद केला. अंगणात एकदम शांत झालं.

"बंद काहून केलं?" काकू जागेवरून न हलता म्हणाली. "बँड चालू ठेवा ना."

सगळे हसले, दिग्दर्शकसुद्धा. मला मात्र रडू फुटलं. त्या दिवशी त्या अंगणात रडलेली मी एकटीच.

एडिटिंगला भांडणं झालीच. पण आमच्याकडे दुसरा शेवट नव्हता, म्हणून तोच शॉट राहिला. वर्गात दाखवला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, जिवंत बाईच्या गळ्यात हार, अपशकुनी वाटतं. सरांनी मला उभं केलं. "हा रिवाज कुठल्या व्हिडिओत बघितला?"

"व्हिडिओत नाही सर. लग्नात."

सरांनी बसायची खूण केली. निकाल लागला तेव्हा शेरा होता: संशोधन अपुरं, शेवटी घोटाळा. मला इतकी चीड आली की मी त्यांना भेटायलाही गेले नाही.

फोटो मात्र काकूला मिळाला. आर्णीच्या पोराने कॅमेऱ्याच्या टेपमधून तेवढं एक चित्र काढलं, अब्बांच्या दुकानात मोठं करून फ्रेम करून दिलं. जरा धुरकट आलं होतं. मागे काकूच्या घराची कुडाची भिंत आणि कपाशीच्या ढिगाचा एक कोपरा. काकूने ते काकांच्या जुन्या फोटोशेजारी दुसरा खिळा ठोकून लावलं.

पुढच्या वेचणीच्या दिवसांत पुन्हा एक कॅमेरा आला. मी काकूकडेच होते. आलेल्या माणसाने भिंतीवर नजर टाकली आणि तो खूश झाला. "हा द्या ना, यात तुम्ही पण आहात. हार, पांढरी साडी, सगळंच आहे."

"तो नाई भेटत," काकू म्हणाली. "तो लग्नाचा हाय."

तो काही बोलायच्या आत तिने जुना फोटो खाली काढला, पदराने पुसला, आणि दारात जाऊन बसली. डोक्यावरून पदर ओढला.

"हं," ती म्हणाली, "रडाचं कवा ते सांगजा."