तीन बोटांची लावरी

“मादी आपली नाही.” हे लावे धरणाऱ्या डोमाचं बोलणं सिहोऱ्याकडच्या धानाच्या बांधीबांधीला ठाऊक होतं. फासे घेऊन निघताना, लावताना तो ते म्हणायचा आणि ताटावर बसला की सत्यभामाबाईला, आपल्या बायकोला, पुन्हा ऐकवायचा.

डोमा आवाजावरून लावे ओळखायचा. दोन ठोक्यांत बोलतो तो काळ्या छातीचा पावसाळी लावा. झुडपातून पायाशी अख्खा थवा फुर्रकन उडाला की ते रानलावे. आणि पडीत गवतात लांबच्या फटफटीसारखी घुमते ती तीन बोटांची लावरी. तिला मागचं बोट नसतं. तिच्यात काळ्या गळ्याचा, उठून दिसणारा तो नर. मातकट, अंड्यांवर चिकटून बसते ती मादी. कोंबड्यांत तसंच, मोरांत तसंच. शेजारच्या ताराचंदनं एकदा, लावरीत उलटं तर नसेल, अशी शंका काढली, तेव्हा डोमानं चारचौघांत त्याला गप्प केलं.

त्याच आठवड्यात सत्यभामाबाईनं काळ्या गळ्याचं एक पाखरू चिरलं. पोटात कवच धरलेलं अंडं होतं. अंगणात डोमा ताराचंदचं तोंड कसं उतरलं ते रंगवून सांगत होता. आज नको, असं मनाशी म्हणून तिनं अंडं चुलीच्या राखेत दाबलं. पुढं रोजच ‘आज नको’ झालं.

डोमा काळ्या गळ्याचं एक पाखरू पिंजऱ्यात घालून गवतात ठेवायचा. ते घुमलं की दुसरं भांडायला यायचं आणि फाशात अडकायचं. अंड्यांवर बसलेलं मातकट पाखरू दिसलं, तर तो फासा उचलून दूर नेई. घरी येऊन ते अभिमानानं सांगे. ती भाकर वाढत राही.

अशी बारा वर्षं गेली. चौऱ्याऐंशी सालच्या भादव्यात पिंजऱ्यातलं पाखरू घुमत राहिलं, पण गवतातून उत्तर आलं नाही. डोमा तीन सकाळी तळ्याकाठी, बोडीच्या पाळीवर कान देऊन बसला. चौथ्या दिवशी रिकामे फासे खुंटीला अडकवून त्यानं फवाऱ्याच्या औषधाला दोष दिला, ताराचंदच्या कुत्र्याला दिला. मग खाली बघत म्हणाला, “मी तं मादीले कधी हात नाही लावला.”

सत्यभामाबाई उठली. तांदळाच्या डब्यातून तिनं बोटाच्या पेराएवढं, ठिपक्यांचं अंडं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

“परवा पिंजऱ्यात घातलं, तुमच्या नरानं.”

डोमानं अंडं दाराच्या उजेडाकडे धरलं.

“पहिल्यांदा कधी दिसलं तुले?”

“ताराचंदभाऊजीले गप्प केलं ना तुमी, त्या आठोड्यात. पोटात होतं.”

“काहून नाही सांगितलं?”

“मोठे खुशीत होते तुमी.”

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं अंडं परत तिच्या हातात दिलं, फासे खुंटीवरच राहू दिले आणि नुसता पिंजरा उचलला. निघताना त्यानं नेहमीचं ते वाक्य म्हटलं नाही. शेताच्या धुऱ्यावर ताराचंदनं काहीतरी विचारलं, तरी तो थांबला नाही. पाखरू जिथं धरलं होतं, त्या पडीत जमिनीच्या दिशेनं चालत राहिला. पिंजऱ्यातली लावरी तेवढी घुमू लागली.

त्याचा दुपट्टा धानाआड बुडेपर्यंत सत्यभामाबाई दारात उभी राहून बघत होती. अंडं तिच्या मुठीत गरम झालं होतं.