चांगल्या डोळ्यावरची पट्टी

"गाठ आहे, पण कॅन्सर नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला फक्त 'गाठ' ऐकू आलं.

पाच महिन्यांची सई मांडीवर होती. उजव्या पापणीवर आधी लाल ठिपका होता. ती रडली की तो निळसर फुगायचा. आता पापणी जेमतेम फटीएवढीच उघडायची.

परळच्या त्या इस्पितळात मी बाकावर बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. एमआरआयसाठी सईला भूल दिली, तेव्हा तिचं झबलं हातात घेऊन दाराशीच उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "ताई, बसा ओ. दार कुठं पळून जात नाय."

आजाराचं नाव निघालं कॅपिलरी हिमँजिओमा. म्हणजे रक्ताच्या बारीक नळ्यांचा गुंता, तोही डोळ्याच्या खोबणीत गेलेला. औषध प्रोप्रॅनोलॉल. मोठ्यांना ते हृदयासाठी देतात. बाळाला दूध पाजूनच द्यायचं, नाहीतर अंगातली साखर उतरते.

"गाठ हळूहळू आटेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण झाकल्या डोळ्याने बघायचं मेंदू विसरतो. त्याला लेझी आय म्हणतात. म्हणून रोज थोडा वेळ चांगला डोळा बंद ठेवायचा."

घरी पट्टी लावली की सई किंचाळायची. सासूबाई मालवणच्या. म्हणाल्या, "गो, बरो डोळो कित्याक बांधलस? डॉक्टर सांगतत एक, तू आयकतस दुसराच. चौथी शिकलेला तू!"

मी हंडा उचलून पाण्याला गेले. नळावरून परत आले, तर पट्टी आजारी डोळ्यावर आणि सई हसत खेळत होती. माझ्या मागे हे रोजच होतं की काय?

त्यांना उलट बोलायची मला सवय नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरबाईंनी चांगला डोळा झाकून लाल चेंडू फिरवला. सई बघेचना. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग पट्टीच्या वेळी त्याच तिला मांडीवर घेऊ लागल्या. औषधाने पापणीही थोडी वर आली. एका दुपारी सईला पट्टी लावून मी त्यांना खूण केली. त्या बांगड्या धरून, आवाज न करता समोर उभ्या राहिल्या. सई बघत राहिली आणि खुदकन हसली.

"माका बघल्यान गो!"

उपचार अजून चालू आहेत. तपासणीच्या आदल्या दिवशी माझं कशातच लक्ष लागत नाही. कुणाच्या बाळाला असं झालं, तर घरातल्या मोठ्या माणसाला एकदा डॉक्टरांपुढे न्या. आपल्या तोंडून जे निघत नाही, ते त्यांना तिथे दिसतं.

आता पट्टी सासूबाईच लावतात. चिकटवण्याआधी माझ्याकडे बघून रोज विचारतात, "ह्योच मा गो डोळो?"